चाळिसावी ताटली

मृत्यूपुढं सगळी माणसं सारखी असतात. हे वाक्य मी गेल्या महिन्यात पंचायत समितीच्या सभागृहात ऐकलं आणि क्षणभर माझीही मान खाली गेली. बोलणारे गृहस्थ साखर कारखान्याचे संचालक होते. त्यांच्यासाठी पांढरं कापड घातलेली खुर्ची होती, बाकीच्यांसाठी सतरंजी होती, आणि ज्यांच्यासाठी ही शोकसभा होती त्या वत्सलाबाई कांबळे यांना त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी बाईंना ‘बालकांची माउली’ म्हटलं. बाई ग्रामसेविका होत्या, नोकरीत त्यांनी बालकांसाठीही पुष्कळ केलं असणार. पण मी त्यांना ओळखत होतो ते चाळीस म्हाताऱ्यांमुळं. संचालकांना पुढं आणखी एका शोकसभेला जायचं होतं. दोन मिनिटांची शांतता त्यांच्या घड्याळात सव्वा मिनिटात संपली.

बातमी मला त्याआधीच पोस्टकार्डानं कळली होती. बाईंची मुलगी शोभा हिनं तीन ओळी लिहिल्या होत्या. आई मंगळवारी गेली, फार त्रास झाला नाही, तुम्ही भेटून गेल्यावर दोन दिवस गप्प गप्प होती... बाईंनी पंचावन्नही गाठले नव्हते. म्हातारपण कसं निभवावं हे शेकडो लोकांना शिकवलेल्या बाईला स्वतः म्हातारं होता आलं नाही. शोकसभेत मला बोलायला सांगितलं होतं, मी नको म्हटलं. मला जे सांगायचं होतं ते संचालकांसमोर सांगण्यासारखं नव्हतं. ते इथं लिहितो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथले लोक आता वर्तमानपत्र वाचतात.

बहात्तरच्या दुष्काळाचा दुसरा उन्हाळा होता. बेंबळीच्या पुढं सहा मैलांवर असलेल्या त्या गावात मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. गोदामात खताचं एक पोतं नव्हतं, सोसायटीचे सभासद गावात नव्हते. माझ्याकडं गोदामाची किल्ली होती आणि वाचायला भरपूर वेळ होता. हात चालणारी सगळी माणसं पाझर तलावाच्या कामावर गेली होती आणि तिथंच पालं ठोकून राहिली होती. पोरं त्यांच्याबरोबर होती, जनावरं छावणीत होती. कुत्रीसुद्धा माणसांच्या मागं निघून गेली, कारण उष्टं तिकडं होतं. गावात उरले फक्त म्हातारे. दुपारी बाराला गल्लीतून चालत गेलं, की प्रत्येक उंबऱ्यावर एक म्हातारं माणूस बसलेलं दिसायचं, आणि कुणीच काही बोलायचं नाही. आमच्याकडं टळटळीत दुपारी बाहेर पडू नये म्हणतात, त्या वेळी ‘ते’ फिरतात. मी अशा गोष्टींना हसत आलो आहे. पण त्या उन्हाळ्यात मला एकदोनदा वाटून गेलं, की फिरायला त्यांना याहून बरं गाव मिळणार नाही.

अशा गावात बाई आल्या त्या पाण्याच्या टँकरमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसून. बरोबर सुकडीची पोती होती आणि एक गुंडाळलेला तक्ता होता. सुकडी म्हणजे भाजलेलं पीठ, गूळ आणि तेल यांचा कोरडा, दाणेदार खाऊ. कामावरच्या मजुरांना ती मिळायचीच. कामावर जाऊ न शकणाऱ्या म्हाताऱ्यांना ती गावातच बसून मिळावी आणि त्यांना आहाराचं ज्ञानही द्यावं, असं वर कुणाला तरी सुचलं होतं. सूचना चांगली होती. तिला जोडलेली अट अशी, की केंद्रात किमान चाळीस लाभार्थी हवेत. कमी झाले तर केंद्र बेंबळीच्या केंद्रात विलीन. बाईंनी घरोघर फिरून नावं काढली, ती बरोबर चाळीस भरली. एकेचाळिसावं म्हातारं गावात नव्हतं. मी स्वतः शोधलं होतं. सहा मैल चालून बेंबळीला जाऊन जेवून परत येईल असं त्या चाळिसात एकही माणूस नव्हतं. म्हणजे हिशेब सरळ होता. एक जण मेला, की बाकी एकोणचाळीस उपाशी.

हे म्हाताऱ्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक रीत सुरू केली. उजाडलं की वेशीजवळच्या घरातला दामूअण्णा शेजारच्या दाराकडं तोंड करून ओरडायचा, “हायेस का?” तिथून यायचं, “हाय!” मग ते माणूस पुढच्या दाराला हाक मारायचं. असं करत करत हाक सगळं गाव फिरून पार टोकाला, सोनाआजीच्या झोपडीपर्यंत जायची. त्या ओसाड गल्ल्यांतून ते एकेक ‘हाय’ पुढं सरकत जाताना मी अंथरुणात पडून मोजायचो. दामूअण्णाची पहिली हाक धरून चाळीस झाले की उठायचो. आपल्या शेजाऱ्याच्या प्रकृतीची इतकी मनापासून काळजी करणारं गाव मी पुन्हा पाहिलं नाही.

केंद्र माझ्या रिकाम्या गोदामातच भरायचं. बाईंनी पहिल्या दिवशी तक्ता तिथल्या भिंतीवर टांगला. त्यावर एक गुटगुटीत गृहस्थ दूध, अंडी, केळी आणि पालेभाजी घेऊन हसत बसले होते. म्हातारे त्याच्याकडं देवाच्या तसबिरीकडं बघावं तसं बघत राहिले. सोनाआजी म्हणाली, “बाई, ह्यो मानूस कोन्च्या गावचा?” दुसऱ्या दिवशी तक्ता भिंतीकडं तोंड करून टांगलेला होता, आणि मग बाई जे शक्य होतं ते शिकवू लागल्या. म्हातारपणी तहान उशिरा कळते, म्हणून तहान लागायची वाट बघू नका, घोट घोट पाणी पीत राहा. दात नाहीत तर सुकडी पाण्यात भिजवा, पाव तास झाकून ठेवा, मग खा. कोरडी गिळाल तर घशात बसेल. बसून राहू नका, सकाळ-संध्याकाळ लिंबाच्या झाडापर्यंत तरी चाला. दुष्काळातही शेवगा हिरवा होता. त्याचा पाला सावलीत वाळवून, चुरून त्या सुकडीत घालायच्या. “आणि एकट्यानं जेवू नका,” त्या सांगायच्या. “एकट्यानं जेवाय घरात हाय काय?” सोनाआजी विचारायची. महिन्याला खताच्या काट्यावर सगळ्यांचं वजन व्हायचं. आजी काट्यावरून उतरताना मला म्हणाली होती, “शेक्रेटरी, तुमचं खताचं पोतं मह्यापरीस जड असतंय की वो.” दुसऱ्या महिन्यात ती दीड किलोनं भरली तेव्हा तिनं ते गावभर सांगितलं. गाव म्हणजे उरलेले एकोणचाळीस.

आता एक अवघड गोष्ट. बाई बौद्ध होत्या. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली धर्म बदलला तेव्हा बाई शाळकरी होत्या. गावातल्या जुन्या हाडांचा नियम असा, की कोरडा जिन्नस कुणाच्याही हातचा चालतो, पाणी लागलं की चालत नाही. कोरडी सुकडी शास्त्रात बसत होती, भिजवलेली बसत नव्हती. म्हणून पहिले आठ दिवस पुष्कळ जण घरून आपापला पाण्याचा तांब्या घेऊन यायचे. मग ऊन वाढलं, तांब्या जड वाटू लागला, आणि एकेक जण गोदामातल्या रांजणातलं, बाईंनी ओतलेलं पाणी घेऊ लागला. अस्पृश्यता घालवण्यासाठी थोरामोठ्यांनी केलेली भाषणं मी वाचली आहेत. त्या गावातून ती तांब्याच्या वजनानं गेली.

गेली नाही ती एका माणसाची. गोविंदबापू गावातले मोठे जमीनदार. मूलबाळ नव्हतं, बायको मागंच गेलेली, साठ एकर रान समोर भेगाळून पडलेलं. आवाज खणखणीत, त्यांचं ‘हाय’ शिवारापर्यंत जायचं. बापू आपला तांब्या आणायचे आणि दाराजवळच्या खांबाला टेकून, ओळीपासून हातभर लांब बसायचे. पण हात थरथरायचा, अर्धं पाणी वाटेतच सांडायचं. उरलेलं पिण्यापुरतंही व्हायचं नाही, मग भिजवणार कशात? सुकडीचा एकेक घास ते गालात धरून बसायचे. चाळीस माणसं जेवतायत आणि चावण्याचा आवाज नाही, अशी ती पंगत. दात कुणालाच नव्हते. कौलांवरून पालीचे पाय वाजले तरी ऐकू यायचे... आणि त्या शांततेत बापूंचा तो कोरडा घास खाली उतरताना घशात होणारा आवाज सगळ्यांना ऐकू यायचा. बाई तेवढा वेळ पाठ फिरवून पोती नीट करत बसायच्या. पोती नीटच असायची.

एक दिवस बापू आले तेव्हा तांब्यात पाणीच नव्हतं. सगळं वाटेत सांडलं होतं. बाई रांजणापासून दूर झाल्या आणि म्हणाल्या, “बापू, तुमच्या हातानं घ्या. मी हात लावत नाही.”

“रांजण कोन भरलाय?” बापूंनी विचारलं.

“टँकरनं.”

“आन टँकरला कोन कोन हात लावलाय, ते कुनाला ठावं?” बापू हसले. त्यांच्या स्वभावात विनोद होता, नियमात नव्हता. मग रांजणाकडं बघत ते म्हणाले, “ऱ्हाऊ दे पोरी. उद्या बघू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हाक बापूंच्या दारापाशी येऊन थांबली. मी एकोणतीसपर्यंत मोजलं होतं. पुढचं ‘हाय’ आलं नाही. पुन्हा हाक गेली, पुन्हा नाही. बापूंच्या पलीकडच्या घरांना बहुतेक त्यांचाच आवाज पोचायचा, त्यामुळं तिकडची दहा माणसं आपापल्या दारात नुसती वाट बघत उभी होती. मी आणि बाई धावत गेलो. बापू भिंतीला टेकून बसले होते, मांडीवर रिकामा तांब्या.

खांदा द्यायला तलावावरून माणसं बोलवावी लागली. मृत्यूची नोंद पोलीसपाटलानं करायची असते. तो तलावावर मुकादम होऊन गेला होता आणि ‘पंधरवड्यानं आल्यावर लिहितो’ म्हणाला. म्हातारे कुणी रडले नाहीत. ते बाईंकडं बघत होते. बाई खोटं लिहिणाऱ्यांतल्या नव्हत्या. वजनात पाव किलो इकडंतिकडं झालं तर पुन्हा काट्यावर चढवायच्या. त्यांनी बापू गेल्याचं पत्र कचेरीला लिहिलं, घडी केली आणि पिशवीत ठेवलं. ते नेणारा टँकर चार दिवसांनी येणार होता. त्या चार दिवसांत केंद्र चालू होतं, आणि तेराव्यापर्यंत जागा मोडायची नाही या रिवाजानं म्हाताऱ्यांनी खांबाजवळ बापूंची ताटली मांडली. बाईंनी तिच्यात वाटीभर सुकडी वाढली. कोरडी. ते कसं घ्यायचे, तशी. आणखी एक गोष्ट मला त्या दिवसांत खटकली. सकाळची हाक आता बापूंच्या अलीकडं थांबायची. तरी पलीकडून एकामागून एक ‘हाय’ येत राहायचं, वेळेवर. मी सोनाआजीला विचारलं, “आजी, तुमच्याकडं हाक कोण पोचवतं आता?” तिनं माझ्याकडं मी वेडा असल्यासारखं पाहिलं. “रोज पोचवतेत, त्येच की.”

टँकरच्या आधी जीप आली. तपासणीला साहेब आले होते, न कळवता, ऐन बाराच्या ठोक्याला. पंगत बसलेली होती. मी दारात किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभा होतो, बाई साहेबांच्या शेजारी. त्यांनी पिशवीत हात घातलेला मला दिसला, घडी केलेल्या पत्राचं टोक बाहेर आलेलं दिसलं. म्हाताऱ्यांनाही दिसलं. साहेबांनी रुमाल नाकाला लावून आधी ताटल्या मोजल्या, “चाळीस”, आणि मग बाईंच्या हातातली यादी घेऊन ते भराभर नावं वाचू लागले. घाईत होते, पुढं जेवण होतं. “साहेब, एक सांगायचंय,” बाई म्हणाल्या. “थांबा हो,” साहेब म्हणाले आणि त्यांनी पुढचं नाव वाचलं. “गोविंद रामराव.”

“हाय.”

खणखणीत, जरासं वैतागलेलं. साहेबांनी मान वर न करता खूण केली आणि पुढचं नाव वाचलं. माझं लक्ष पंगतीवर होतं. एकाचेही ओठ हललेले मी पाहिले नाहीत... पण ओठ न हलवता बोलणारी माणसं मी सोसायटीच्या सभांत पाहिली आहेत, म्हणून मी तेव्हाच ठरवून टाकलं की हे काम दामूअण्णाचं. संशयी माणसाला उत्तर पटकन लागतं. साहेब जीपमध्ये बसले, धुळीचा लोट बेंबळीच्या दिशेनं गेला, आणि पत्र बाईंच्या पिशवीत परत गेलं. साहेबांनी स्वतः हजर म्हटलेल्या माणसाला मयत लिहायचं म्हणजे साहेबांना खोटं पाडायचं. ते धाडस तेव्हाच्या ग्रामसेविकेत नव्हतं, आणि मी ते कुणालाही सुचवलं नसतं.

“कोण बोललं?” बाईंनी विचारलं. म्हातारे एकेक करून ताटल्या पुढं सरकवू लागले. बाई ताटल्या उचलत खांबापाशी गेल्या आणि वाकल्या त्या तशाच राहिल्या. बापूंच्या ताटलीतली सुकडी भिजलेली होती. नुसतं पाणी ओतलेली नव्हे. फुगून मऊ झालेली, पाव तास झाकून ठेवल्यावर होते तशी. मी रांजणात डोकावलो. त्यात पाणी किती होतं हे मी आधी पाहिलं नव्हतं, त्यामुळं ते किती कमी झालं हेही मला सांगता येईना. सोनाआजी आपली ताटली चाटून पुसत म्हणाली, “आज वलं घेतलं त्येनं.”

“आजी, आमच्यात भुतं नाहीत,” बाई म्हणाल्या. आवाज मात्र नेहमीचा नव्हता. “देव आणि भुतं आम्ही एकदमच सोडली, छप्पन साली.”

“तुमच्यात न्हाईत गं माय,” आजी म्हणाली. “पर त्यो तुमच्यात कुठं व्हता?”

त्या दिवसापासून बाई बापूंची सुकडी स्वतः रांजणातल्या पाण्यात भिजवून, झाकून खांबाजवळ ठेवू लागल्या. तेरावा झाला, तरी ठेवत राहिल्या. पंगत उठेपर्यंत ताटली रिकामी असायची. मी म्हणालो, कुत्रं येत असेल. मग मला आठवलं, की गावात कुत्रं नव्हतं. मृगाच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला, तलावावरची माणसं परतली, पोलीसपाटलानं आपल्या वहीत बापूंची नोंद केली. ती वही महसूल खात्याची, बाईंची यादी दुसऱ्या खात्याची. ही दोन खाती एकमेकांशी बोलत नसत. केंद्र बंद झालं. एकोणचाळीस म्हातारे आपल्या पायांनी घरी गेले, सोनाआजी साडेतीन किलोनं भरून. त्या उन्हाळ्याबद्दल बाई आणि मी पुढं कधीच बोललो नाही. कधी बेंबळीच्या बाजारात, कधी उस्मानाबादला कचेरीच्या जिन्यात गाठ पडायची. त्या माझी साखर विचारायच्या, पाणी पुरेसं पितो का विचारायच्या, आणि मी खोटं सांगायचो.

दोन महिन्यांपूर्वी त्यांना सोलापूरच्या दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या, हात फार बारीक झाले होते. शोभा औषध आणायला खाली गेली. बाई म्हणाल्या, “सेक्रेटरी, एक राहून गेलं होतं. त्या दिवशी तुम्ही फार मोठं काम केलंत.”

“कुठल्या दिवशी?”

“साहेब आले त्या दिवशी. बापूंच्या नावाला ओ दिलीत. मी पत्र काढलं होतं, ते दिलं असतं तर सगळी मेली असती. मला जन्मात जमलं नसतं ते. तुमचे आभार मानायचे राहिले.”

मी म्हटलं, “बाई, तो दामूअण्णा होता.”

“अण्णा माझ्या पायाशी होता. आवाज दाराकडून आला. दारात तुम्ही होता.”

दारात मी होतो, हे खरं आहे. आणि दाराला लागून खांब. “बाई,” मी म्हणालो, “मी नव्हतो.”

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. खोटं वजन सांगणाऱ्याला काट्यावर परत चढवताना पाहायच्या तसं. मग त्यांना पटलं असावं. इतकी वर्षं आम्ही दोघंही निश्चिंत होतो, कारण दोघांकडंही एकेक उत्तर होतं; त्या खोलीत ती दोन्ही एकदम गेली. बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं, त्याच्या चाकाचा आवाज दूर जाईपर्यंत आम्ही ऐकत बसलो. मग बाई हळूच म्हणाल्या, “म्हणजे... घेतलं म्हणायचं त्यांनी. माझ्या हातचं.” आणि भिंतीकडं तोंड वळवून झोपल्या. तीच आमची शेवटची भेट.

शोकसभा संपल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. पुढची खोली स्वच्छ, एक लोखंडी कॉट, बुद्धांची तसबीर, आणि तिच्या शेजारी नव्यानंच ठोकलेल्या खिळ्यावर एक चौकट. शोभा म्हणाली, “काका, आईच्या ट्रंकेत तळाशी सापडलं. इतकं चांगलं प्रशस्तिपत्रक, तिनं कधी लावलं कसं नाही?” मी चष्मा लावून वाचलं. दुष्काळाच्या वर्षी दिलेलं आहे. संपूर्ण तालुक्यात ज्या केंद्रात एकही वृद्ध दगावला नाही असं एकमेव केंद्र चालवल्याबद्दल वत्सलाबाई कांबळे यांचं त्यात अभिनंदन केलं आहे. मजकूर एका माणसानं चुकला आहे. खाली साहेबांची सही आहे.